कुंकवाची बाजू वर

मी उंची मोजली, रुंदी मोजली आणि खोली मोजायची विसरलो.

यात खुलासा करण्यासारखं काही नाही. माणूस कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत तपासणी खात्यात नोकरीला असला, दुसऱ्याने केलेल्या वस्तूचं माप केसभर चुकलं तरी ती उचलून लाल पेटीत टाकायचा पगार घेत असला, म्हणून त्याने घरी येऊन स्वतःचं माप चुकवू नये असा काही कायदा नाही. जुन्या टीव्हीला आणि जुन्या मॉनिटरला पुढे जशी काच असते तशी मागे ढेरी असते, हे मला लहानपणापासून ठाऊक होतं. पण भिंतीला पोस्टरसारखे चिकटणारे पडदे बघून बघून माझा त्या ढेरीवरचा विश्वासच उडाला होता. त्यामुळे साडूंच्या जुन्या मॉनिटरसाठी मी मोठ्या हौसेने जे लाकडी कपाट केलं, त्यात पुढची काच अगदी देखणी बसत होती आणि मागची नळी वीतभर बाहेर येत होती. समोरून बघितलं तर गेमचं मशीन, बाजूने बघितलं तर शर्टाची बटणं न लागणारा जुना पैलवान.

माझ्या साडूंसारखा माणूस कोल्हापुरात दुसरा नाही, आणि असता तर या गावातली बंद पडलेली एकही वस्तू आजवर भंगारात गेली नसती. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते म्हणून मीही दाजी म्हणतो. ते मला ‘पावणं’ म्हणतात. वास्तविक आमची घरं दोन गल्ल्यांच्या अंतरावर आहेत आणि माझा संध्याकाळचा चहा गेली कित्येक वर्षं त्यांच्याच घरी होतो, त्यामुळे पाहुणा म्हणवून घेण्याचा माझा हक्क केव्हाच संपला आहे. पण साडूंना हा शब्द सोडवत नाही, कारण त्यानंतर वाटेल ते बोलता येतं. ‘पावणं’ असा मान देऊन झाला की पुढच्या वाक्यात ते माझी अक्कल काढतात, आणि एकूण हिशेबात मला आपला आदरच झाल्यासारखं वाटतं.

ज्या वस्तूतून एकदा वीज गेली ती वस्तू मरत नाही, नुसती रुसते, असा साडूंचा सिद्धांत आहे. रुसव्यावर त्यांच्याकडे औषध एकच, चापट. पण ती चापट म्हणजे येरागबाळ्याचं काम नव्हे. रेडिओला पोराच्या गालाला लावावी तशी, मिक्सरला म्हशीच्या पाठीवर मारावी तशी, आणि पाण्याच्या मोटरीला तालमीत जोडीदाराच्या मानेवर देतात तशी. हातकणंगल्याला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत स्पीकर बंद पडला, तेव्हा साडू अक्षता हातात घेऊनच मांडवाच्या कोपऱ्यात गेले आणि त्या काळ्या खोक्याला एक ठेवून दिली. पुढच्या मंगलाष्टका दुप्पट आवाजात झाल्या, घोडं बुजलं, आणि नवरदेवाच्या मामांनी साडूंना आग्रहाने टोपी घातली. त्या टोपीने त्यांचा फार घात केला. त्यानंतर शाहूवाडीकडे एका नातेवाइकाच्या घरी मुक्कामाला गेले असताना त्यांनी खाटेवर पडल्या पडल्या छताचा पंखा बराच वेळ ऐकला, “ह्यो पंखा दुखात हाय,” असं जाहीर केलं आणि उठून तो पूर्ण सोडवला. दुःखाचं कारण सापडलं नाही. पंखा परत जुळलाही नाही. ते घर त्या उन्हाळ्यात अंगणात झोपलं, आणि अजूनही साडू यायचे म्हटलं की तिथली म्हातारी आधी मेन स्विच बंद करते म्हणतात.

या माणसाने तरुणपणी एसटी स्टँडजवळच्या एका गाळ्यात व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं होतं. आजच्या पोरांना सांगून खरं वाटणार नाही, पण तेव्हा माणसाएवढ्या उंचीच्या लाकडी कपाटासमोर उभं राहून, आत नाणं टाकून, दांडी हलवून गेम खेळायचा असे. साडूंच्या गाळ्यात अशी सहा मशीनं होती, त्यांत विमानाचं सगळ्यांत लाडकं, आणि एक नियम होता: उपाशी पोराला खेळायला मिळणार नाही. पोरगं आलं की साडू त्याचं तोंड बघायचे आणि “जा, भाकरी खाऊन ये, इमान काय पळून जात न्हाय,” म्हणून परत पाठवायचे. शाळा चुकवलेल्या पोरांना शोधत त्यांचे बाप काठी घेऊन यायचे, एक डाव बघायचे, आणि काठी भिंतीला टेकवून दांडी धरायचे. तालमीतल्या एका वस्तादांनी तर दांडी प्रतिस्पर्ध्याची मान समजून अशी पिळली की ती मुळासकट त्यांच्या हातात आली. साडू रागावले नाहीत. “वस्ताद, डाव तुमचाच,” एवढंच म्हणाले. खंडेनवमीला मात्र पार्लर बंद. त्या दिवशी सहाही मशीनं पुसून, झेंडूचे हार घालून उभी असायची. प्रत्येक मॉनिटर बाहेर ओढून त्याच्या वरच्या पट्टीवर साडू स्वतः हळदीकुंकवाची बोटं ओढायचे, आणि गल्लीतली पोरं देवळात उभी राहावीत तशी हात जोडून उभी राहायची.

पुढे मोबाइल आले, पोरं बसल्या जागी खेळू लागली, पार्लरला कुलूप लागलं. साडू म्हणायचे, मशीनं रुसल्यात, येतील. मग महापूर आला. पाणी ओसरल्यावर आम्ही गाळ्याचं शटर उचललं तेव्हा सहाही कपाटं चहात बुडवलेल्या टोस्टसारखी फुगून उभी होती, आणि साडूंनी हात लावला तेव्हा पहिलं हळूच खाली बसलं. त्या दिवशी त्यांनी कशालाही चापट मारली नाही. वाचला तो एकच मॉनिटर, कारण तो दुरुस्तीसाठी आधीच घरी आणून माळ्यावर ठेवलेला होता. त्याच मशीनचा गेमचा बोर्डही घरी होता, थोडा गंजलेला.

या मॉनिटरला घरात नाव होतं ‘सवत’. ते आक्कांनी ठेवलेलं. आक्का म्हणजे माझी थोरली मेव्हणी, साडूंची बायको. पापडाचा डबा काढायला माळ्यावर चढायचं म्हटलं की सवत आडवी यायची, आणि दर दिवाळीच्या साफसफाईला आक्का सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या, की औंदा भंगारवाला आला की हिला त्याच्या गाड्यावर बसवून देणार, ओटी भरून देणार, पण देणार. साडू त्या दिवशी पेपर डोळ्यासमोरून खाली घेत नसत.

मग त्यांना पेपर दिसेनासा झाला. म्हणजे मधला मजकूर दिसायचा आणि कडेच्या बातम्या जायच्या. जेवताना ताटातली चटणी त्यांना सापडेना, रस्त्यात बाजूने येणारी सायकल एकदम अंगावर उगवू लागली. डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेलं येणार नाही, आहे ते थेंब घालून जितकं टिकेल तितकं टिकवायचं. साडूंनी ही बातमी मला चहाबरोबर सांगितली, “पावणं, कडंची मान्सं पुसाय लागल्यात, तुमी समोर बसत जावा.” आयुष्यभर दुसऱ्याच्या बंद पडलेल्या वस्तूंना चापट मारणारा माणूस स्वतःच्या डोळ्यांपुढे हात जोडून बसला होता. मी काहीतरी धीराचं बोलायला गेलो, तर त्यांनी मला थांबवलं आणि माळ्याकडे बोट केलं. त्यांना आणखी काही नको होतं. मधलं दिसतंय तोवर त्या काचेवर तो विमानाचा गेम एकदा लागलेला बघायचा होता.

मी सुचवलं की नवा सपाट पडदा आणू, हलका, स्वस्त, चित्रही झकास. साडूंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी कडेला सरकून त्यांच्या नजरेबाहेर गेलो. सपाट पडद्याचा उजेड म्हणजे बर्फात ठेवलेला मासा, असं त्यांचं मत. नळीचा उजेड आतून येतो, चुलीतल्या निखाऱ्यासारखा, आणि तो अंधारात डोळे मिटले तरी दिसत राहतो. डोळे मिटण्याचा उल्लेख झाल्यावर मला भरून आलं, आणि भरून आलं की मी नेहमी नको ते बोलतो. मी त्यांचा हात धरला आणि म्हणालो, “दाजी, तुम्ही काळजी करू नका. माझे डोळे आहेत ना, ते तुमचेच समजा.”

तर या डोळ्यांनी मी मापं घेतली. प्लाय मिळाला तो आमच्या गल्लीतल्या गणपती मंडळाच्या जुन्या देखाव्याचा. त्यामुळे कपाटाच्या डाव्या अंगाला अर्धा धबधबा आणि उजव्या अंगाला हरणाचे फक्त मागचे पाय आहेत. कापलं मी, ठोकलं मी, सांध्यांना सुताराचा पांढरा गोंद इतक्या उदारपणे भरला की कपाट सोडा, माझी एक चप्पलही अजून तिथल्या फरशीवरून पूर्ण सुटलेली नाही. आणि मग ती ढेरी बाहेर आली. प्लाय संपला होता. साडूंनी हात फिरवून बाहेर आलेला भाग चाचपला आणि म्हणाले, “पावणं, तुमच्या कंपनीत असलंच माल पास हुतोय व्हय?” मग आम्ही मागच्या फळीला मोठं भोक पाडलं आणि बाहेर येणाऱ्या नळीवर टोपण म्हणून माझ्या बायकोची धुण्याची निळी बादली आडवी बसवली. पत्र्याचं टोपण चालत नाही, तिथे वीज साठते. बादलीला हवा जायला भोकं पाडली. या बादलीवरून आमच्या घरात जे झालं त्याचा या लेखाशी संबंध नाही.

मॉनिटर बसवायच्या दिवशी आक्का स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. सवतीला हात लावणार नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. आदल्या दिवशी आम्ही नळी पेटवून बघितली होती. नुसता निळसर उजेड आला होता, कारण गेमचा बोर्ड जोडलेला नव्हता, पण त्या उजेडापुढे साडू इतके गप्प उभे राहिले की मला चहा प्यायचाही आवाज करवेना. आता साडू पुढे, काच झेलायला, आणि मी मागे, लोखंडी चौकट धरून. धुळीने अन् कोळ्याच्या जाळ्यांनी दोन्ही अंगांनी सारखीच माखलेली ती चौकट होती. साडूंनी पुढून विचारलं की वरची बाजू वरच आहे न्हवं, त्यांना तेवढं बारीक दिसत नव्हतं. मी चौकट निरखून बघितली. एका पट्टीवर हळदीकुंकवाची पाच बोटं होती, चांगली ठसठशीत.

“कुंकू वर आहे, दाजी,” मी म्हणालो.

“मग बसवा की,” ते म्हणाले. वरच्या पट्टीला कुंकू लावणारा हात त्यांचाच होता, त्यामुळे यात विचारण्यासारखं काही उरलं नव्हतं. मॉनिटर पहिल्याच झटक्यात आत बसला. माझ्या हातून झालेली कुठलीही गोष्ट पहिल्या झटक्यात बसली की मला घाम फुटायला हवा, पण त्या दिवशी मी हुरळलो होतो. सगळे स्क्रू आवळले आणि उरलेला गोंदही भरून टाकला.

साडूंनी तोंड धुतलं, शर्ट बदलला. बोर्ड जोडला, बटण दाबलं. काही झालं नाही. तेव्हा साडूंनी हरणाच्या पायांवर एक चापट दिली, फार दिवसांनी, हलकी, रेडिओची. नळी गुणगुणू लागली, काचेवर कण तडतडले, आणि हळूहळू चित्र वर आलं. चित्र म्हणजे काय, आधी अक्षरं आली, डोक्यावर उभी. मग निळं आभाळ खाली, समुद्र वर, आणि त्या समुद्राला वटवाघळासारखं लटकलेलं साडूंचं विमान.

साडूंनी दांडी धरली होती. ती त्यांनी हळूच सोडली.

“पावणं,” ते म्हणाले, “माझं इमान वरच्या अंगाला हाय का खालच्या?”

मी बादलीमागची वायर उगाचच हलवून बघितली.

“मला वरच्या अंगाला दिसालंय,” ते म्हणाले. आवाज अगदी साधा होता. “डॉक्टरानं कडा जातील म्हणून सांगितलंतं. उलटं दिसंल म्हणून न्हवतं सांगितलं.”

तपासणी खात्यातल्या इतक्या वर्षांत मी पुष्कळ वस्तू नापास केल्या, पण त्या क्षणी त्या खोलीत नापास करण्यासारखी वस्तू एकच होती आणि तिने माझा शर्ट घातला होता. तेवढ्यात पिठाचे हात घेऊन आक्का दारात आल्या, पडद्याकडे बघितलं आणि विचारलं, हे असं डोकं खाली, पाय वर का बसवलंय.

साडू गर्रकन वळले. “तुला बी तसंच दिसालंय?”

“मला काय, उभ्या गल्लीला तसंच दिसंल की.”

साडूंनी स्टूल चाचपलं आणि ते बसले. मग त्यांना हसू आलं, आधी नाकातून, मग पोटातून, शेवटी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, आणि आक्कांनी पदराने ते टिपलं, कारण थेंब नुकतेच घातले होते. स्वतःच्या घरात उलटा बसलेला मॉनिटर बघून इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितलेला नाही. मला वाटलं, चला, आपण सुटलो. पण हसून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे मान वळवली. मी घाईघाईने सांगितलं की मी कुंकू बघून बसवला, कुंकू वरच होतं, हवं तर बादली काढून दाखवतो. कुंकू तुम्हीच लावलेलं, मग माझा काय दोष.

साडू म्हणाले, त्यांनी लावलेलं कुंकू इतकी वर्षं टिकेल कसं, ते केव्हाच उडालं असणार.

आक्का आत जायला वळल्या होत्या, त्या दाराशीच थांबल्या. बराच वेळ हाताचं पीठ चोळत राहिल्या.

“मी लावते,” त्या म्हणाल्या. “खंडेनवमीला. माळ्यावर जशी पडलीया तशीच लावते. ती उलटी हाय का सुलटी, मला काय ठावं.”

“सवतीला?” साडूंनी विचारलं.

“घरात हाय म्हटल्यावर सणाला तशीच ठिवायची व्हय?” असं म्हणून आक्का आत गेल्या आणि आतून भाकरी थापल्याचा आवाज नेहमीपेक्षा जोरात येऊ लागला. बाहेर साडू उलट्या समुद्राकडे बघत होते. मीही तिकडेच बघत होतो, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते कळत नव्हतं.

चित्र सुलटं करायचा उपाय आम्ही शोधला. बोर्डावर त्यासाठी एक बारीक बटण असतं, ते गंजून बसलं होतं. साडू म्हणाले, मीच उलटा होतो, तालमीत शीर्षासनात तासतास राहायचो. त्यांनी जमिनीवर पंचा टाकलासुद्धा. डॉक्टरांनी मुंडी खाली घालायला सक्त मनाई केली आहे, हे आक्कांनी लाटणं हातात घेऊन येऊन सांगितलं. शेवटी मी म्हणालो, येत्या रविवारी सगळं सोडवतो आणि नीट बसवतो. साडूंनी माझ्या गोंदावर हात फिरवला, मग बादलीवर फिरवला.

“ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले. “हिनं इतकी वर्सं जी बाजू वर धरली, ती आता खाली घालायची म्हंजे घरात नव्यानं भांडण.”

तेव्हापासून ते तसंच आहे. संध्याकाळी डोळ्यात थेंब पडले की साडू दांडी धरतात आणि समुद्राला लटकलेलं विमान खालच्या आभाळात सोडतात. मधलं त्यांना दिसतं, कडेचं दिसत नाही. म्हणून आक्का शेजारी भाजी निवडत बसतात आणि मान वर न करता सांगतात, डावीकडनं दोन आल्यात, उजवीकडनं बाँब. सवत हे नाव अजून कायम आहे, पण भंगारवाल्याचा विषय या दिवाळीला निघाला नाही. मधला उजेड किती दिवस पुरेल ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही. मी जातो तेव्हा समोर बसतो. कधीकधी मला वाटतं की मी बसतो ती समोरची जागाही आता थोडी अरुंद झाली आहे, साडू चहाचा कप देताना आधी माझा आवाज ऐकतात.

परवा त्यांचे डोळे दुखत होते म्हणून त्यांनी मला खेळायला उभं केलं. मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. पहिलं विमान मी वर नेण्याच्या नादात समुद्रात घातलं. दुसरं खाली नेण्याच्या नादात समुद्रातच घातलं. तिसऱ्याला आक्का ओरडून सांगत होत्या, भावजी, डावीकडं, डावीकडं, आणि मी नीट, उघड्या डोळ्यांनी बघून ते उजवीकडे नेलं. साडू स्टुलावर डोळे मिटून आवाज ऐकत होते. तिसरा धडाका झाल्यावर त्यांनी विचारलं, “पावणं, मागं तुमी म्हणालतासा न्हवं, तुमचं डोळं माझंच समजा म्हणून?”

“हो, दाजी,” मी म्हणालो.

“ते तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. त्यापरीस माझं बरं हायत.”